हापूसच्या कोयीतून हापूस का उगवत नाही?

प्रश्न : दहा वर्षांपूर्वी वडिलांनी परसात हापूसची कोय पुरली. झाड आता फळते, पण आंबे लहान, आंबट आणि रेषाळ निघतात. ज्याच्याकडून ती पेटी घेतली त्याने फसवले, असे वडील म्हणतात. फळ अस्सल असेल, तर त्याचीच कोय वेगळी कशी निघेल?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : आंबेवाल्यावर ठपका ठेवू नये. आपण खाल्लेला आंबा अस्सल हापूस असूनही त्याच्या कोयीतून असे झाड उगवू शकते. किंबहुना बहुतेकदा तसेच होते.

सुकलेली कोय उकलून पाहावी. बाहेरचे केसाळ, कठीण कवच, आतला कागदासारखा पापुद्रा आणि त्यात दडलेली दोन मांसल दळे दिसतील. साल, गर आणि ते कवच फुलातील अंडाशयाच्या भिंतीपासून, म्हणजे सर्वस्वी आईच्या झाडापासून बनते, तर दळांसह आतला गर्भ हा नवा जीव असून त्यात अर्धा वाटा परागाचा असतो. मोहरावर घोंगावणाऱ्या माश्यांनी तो पराग शेजारच्या रायवळ आंब्यावरून आणला, तरी फळाची चव हापूसचीच राहते. फरक पडतो तो कोयीच्या आत, आणि तो कळायला आपल्याला दहा वर्षे लागली.

पराग हापूसचाच असता तरी खात्री नव्हती. झाडात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात आणि पराग किंवा अंडपेशीत त्यांपैकी एकच उतरते. हापूससारख्या झाडात या दोन प्रती पुष्कळदा भिन्न असल्यामुळे आईवडिलांत दबून राहिलेला गुण संततीत वर येतो. ग्रेगर मेंडेलने 1856 पासून मठाच्या बागेत वाटाण्यावर हेच पाहिले : उंच आणि बुटक्या वाणांच्या संकरातून आधी सगळी रोपे उंच आली आणि पुढच्या पिढीत साधारण चारांतले एक बुटके निघाले. आंब्याची चव मात्र एका जनुकावर ठरत नाही, त्यामुळे इथला हिशेब इतका सरळ नाही.

याला अपवाद आहे. केरळच्या ओलूर, कुरुक्कन अशा जातींच्या एकाच कोयीतून अनेक अंकुर फुटतात. त्यांतले बहुतेक आईच्या पेशींपासून थेट बनलेले असल्यामुळे ते आईसारखेच निघतात. हापूस त्या गटातला नाही, म्हणून कोकणात रायवळ कोयीच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधून कोय कलम करतात.

हाच संकर मुद्दाम घडवला, की नवी जात हाती लागते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 मध्ये ‘रत्ना’ आली, तिच्यात हापूसला छळणारा साका, म्हणजे गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग, नसतो. पुढे रत्नाचा हापूसशी पुन्हा संकर करून अगदी पातळ कोयीची ‘सिंधू’ मिळाली. या जातीही पुढे वाढवायच्या त्या कलमानेच.

आपले झाड तोडू नये. त्याचा माथा उतरवून, फुटलेल्या धुमाऱ्यांपैकी चार-पाच जोमदार धुमारे राखून, त्यांवर जाणकाराकडून हापूसची काडी भरून घ्यावी. सांध्याखालून येणारी फूट मात्र वेळच्या वेळी खुडावी, कारण तिला हेच आंबट आंबे लागतील.