धरण फुटले तर गावाच्या हाती किती मिनिटे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमचे मातीचे धरण लहान आहे. साठा जेमतेम २ दलघमी (दशलक्ष घनमीटर), उंची २५ मीटर. त्याच्यासाठी फुटीचा अभ्यास खरंच लागतो का?

मोठ्या धरणापेक्षा घाईने लागतो. मातीच्या धरणांसाठी फ्रोलिक या अभियंत्याची २००८ ची सूत्रे सर्रास वापरली जातात. भगदाड पूर्ण पडायला लागणारे सेकंद काढायचे असतील, तर साठ्याला (घनमीटर) ९.८१ ने आणि भगदाडाच्या उंचीच्या वर्गाने भागा, आलेल्या संख्येचे वर्गमूळ घ्या आणि त्याला ६३.२ ने गुणा. तुमच्या धरणासाठी उत्तर येते साधारण १९ मिनिटे. १०० दलघमी साठ्याच्या ४० मीटर उंच धरणासाठी तेच उत्तर ८४ मिनिटे आहे. पाणी माथ्यावरून गेले तर भगदाडाची सरासरी रुंदी तुमच्याकडे सुमारे ४१ मीटर येते, मोठ्या धरणाकडे १४८. भरावाच्या आतून पाझर वाढून धरण फुटले, तर रुंदी १.३ ने भागा.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, तेव्हा घरे पायथ्यालाच होती. अशा जागी १९ मिनिटांचा आकडाही नेमका मानू नका. वेळ निम्मी आणि दुप्पट धरूनही पुराचे संगणकीय मॉडेल चालवा. पहिल्या काही किलोमीटरमध्ये निकाल बराच बदलेल, दूर गेल्यावर तो फरक विरत जातो.

प्रश्न : नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखलेली आहे. मग वेगळा नकाशा कशाला?

निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्ही धरण शाबूत आहे असे धरूनच काढतात. फुटीचे पाणी लाल रेषेच्या कितीतरी बाहेर जाऊ शकते, त्यामुळे लाल रेषेबाहेरची शाळा आपोआप निवाऱ्याची जागा ठरत नाही.

प्रश्न : एचईसी-रास या पुराचे मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उपग्रहाच्या, ३० मीटरच्या चौकटींच्या उंची-नकाशावर द्विमितीय मॉडेल चालवले. नदी मध्येच अडते, तळी साचतात, आकडे उसळतात. काय चुकले?

बहुधा आधी भूरूप चुकले आहे. उपग्रहाला झाडांचे शेंडे आणि पुलाचा माथा दिसतो, पाण्याखालचा नदीतळ दिसत नाही. म्हणून पूल जणू बंधारा होतो. नकाशात पुलांच्या जागी पात्र कोरून घ्या आणि निदान धरणापासून पहिल्या मोठ्या गावापर्यंत मोजणी केलेले पात्राचे आडवे छेद बसवा. रस्त्याचे भराव आणि कालव्याचे बांध यांवरून ब्रेकलाइन (मॉडेलच्या चौकटींच्या कडा भरावाच्या माथ्याशी जुळवणारी रेषा) ओढा, नाहीतर चौकटीच्या पोटातून पाणी भरावापलीकडे झिरपल्यासारखे दिसते.

मग कालपायरी, म्हणजे मॉडेल दर किती सेकंदांनी हिशेब करते, ती पाहा. वेग सेकंदाला ८ मीटर आणि चौकट ३० मीटर असेल तर ती ३ सेकंदांच्या आत ठेवा. डिफ्यूजन वेव्ह या सोप्या केलेल्या समीकरणांवर भागवू नका, धरणाखालच्या उसळत्या लाटेला संपूर्ण संवेग समीकरणेच लागतात. मॉडेलची शेवटची सीमा तुमच्या शेवटच्या गावाच्या बरीच खाली न्या. पाण्याच्या हिशेबातली (घनफळातली) चूक एक टक्क्यावर गेली तर तो निकाल कोणाच्याही हाती देऊ नका. शेवटी एकदा पुलांचे गाळे झाडांनी तुंबले आहेत असे धरून चालवा. वरच्या अंगाच्या वस्तीसाठी तोच प्रसंग सर्वांत वाईट निघू शकतो.

प्रश्न : एकाच नदीवर आमच्याखाली जुने दगडी धरण आहे. ते कसे धरायचे?

भरलेले, आणि फुटू शकणारे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडले आणि पाणी पुण्यात शिरले. दगडी धरणाला फ्रोलिकची सूत्रे लावू नका. त्याचे काही भाग एकदम कोसळतात. भगदाड उभ्या बाजूंचे आणि वेळ अर्ध्या तासाच्या आत धरा.

प्रश्न : तहसीलदारांना नेमके काय द्यायचे?

रंगीत नकाशा द्याच, पण आधी एका पानाचा तक्ता द्या. गावनिहाय पाणी ०.३ मीटर चढायला लागणारा वेळ, कमाल खोली, कमाल पातळीची वेळ, खोली (मीटर) गुणिले वेग (सेकंदाला मीटर). हा गुणाकार १ च्या वर गेला तर धडधाकट माणूसही पाण्यात सुरक्षित नाही, ४ च्या वर गेला तर कोणतेही घर टिकेल असे धरू नका. बाहेर पडायचा रस्ता कोणत्या मिनिटाला बुडतो, हा रकाना बहुतेक आराखड्यांत राहून जातो. ओढ्यावरची मोरी गावाच्या आधी पाण्याखाली जाते.

मॉडेलचे घड्याळ भगदाड सुरू झाल्यापासून चालते, निरोप मात्र उशिरा निघतो. पाणी ४० मिनिटांत येणार असेल, फूट लक्षात यायला १० आणि पोलीस पाटलांपर्यंत निरोप पोहोचायला १० गेली, तर उरली २०. ज्या गावाची वजाबाकी शून्याखाली जाते, तिथे फुटीची वाट पाहून चालणार नाही. पाझराचे पाणी गढूळ झाले, किंवा सांडवा पूर्ण चालूनही पातळी माथ्याकडे चढतच राहिली, की स्थलांतर सुरू, असे आराखड्यात शब्दशः लिहा. आदेश कोण देणार, आणि तो रात्री भेटला नाही तर कोण, हेही त्याच ओळीत लिहा.

धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ ला लागू झाला आणि त्याने जुन्या धरणांच्या मालकांना आपत्कालीन कृती आराखड्यासाठी पाच वर्षे दिली. म्हणजे मुदत डिसेंबर २०२६. आडव्या छेदांची मोजणी उन्हाळ्यात, नदी आटलेली असतानाच उरकून घ्या.