अमेरिकन कापसात ए आणि डी दोन्ही जीनोम आहेत, मग आयटीएस सिक्वेन्समध्ये फक्त डी का दिसतो?

तुमचा प्रश्न असा आहे की हिर्सुटमच्या (म्हणजे अमेरिकन कपाशीच्या) पानातून डीएनए काढला, आयटीएस (रायबोसोमल जीन्सच्या मधला डीएनएचा तुकडा) सिक्वेन्स केला, नातं दाखवणारा ट्री बनवला, तर तो डी जीनोमवाल्या (जीनोम म्हणजे क्रोमोसोमचा पूर्ण संच) रायमोंडी या रानटी कपाशीकडे जाऊन बसला, आपल्या देशी कपाशीपासून लांब. पुस्तकात तर दोन पालक लिहिलेत, मग ए वाल्याची रायबोसोमल जीन्स (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा आरएनए तयार करणारी) गेली कुठे, की सॅम्पलच चुकलं? सॅम्पल अजिबात चुकलेलं नाही, हिर्सुटममध्ये असंच यायला पाहिजे, आणि मला विचाराल तर वनस्पतींच्या क्रोमोसोमवरची ही सगळ्यात भारी गोष्टींपैकी एक आहे.

आधी थोडं मागचं. देशी कपाशी म्हणजे आर्बोरियम, २६ क्रोमोसोम, ए जीनोम. रायमोंडी पेरूमधली, तिचेही २६, डी जीनोम. साधारण १० ते २० लाख वर्षांपूर्वी अमेरिकेत या दोन गटांतल्या झाडांचा संकर झाला, क्रोमोसोम दुप्पट झाले आणि ५२ वाली कपाशी तयार झाली. विदर्भात आज बीटी म्हणून जी लावतात ती तीच. म्हणजे सुरुवातीला तिच्याकडे दोन्हीकडची रायबोसोमल जीन्स नक्की होती.

आता ही जीन्स एकेकटी नसतात. १८एस, मग आयटीएस१, ५.८एस, आयटीएस२, २६एस (एस वाली जीन्स, आयटीएस त्यांच्या मधले तुकडे), मग मधली मोकळी जागा आणि परत १८एस, अशी शेकडो हजारो युनिट्स एकामागे एक लागलेली असतात, आणि प्रत्येक कॉपी आपापली बदलत गेली असती तर इतक्या लाख वर्षांत सगळा गोंधळ झाला असता. पण एका झाडात त्या जवळपास एकसारख्याच सापडतात. कारण रांगेतली युनिट्स सारखीच असल्यामुळे क्रॉसिंग ओव्हर (जोडीतल्या क्रोमोसोमची तुकड्यांची अदलाबदल) होताना ती सरकून जुळतात, एका क्रोमोसोमला जास्त कॉप्या मिळतात, दुसऱ्याच्या कमी होतात, शिवाय जीन कन्व्हर्जनमध्ये एका कॉपीचा मजकूर दुसरीवर लिहिला जातो. हे पिढ्यानपिढ्या चालू राहिलं की एक प्रकार पसरतो आणि बाकीचे पुसले जातात. याला कॉन्सर्टेड इव्होल्यूशन म्हणतात.

कापसात कमाल अशी की हे एका रांगेपुरतं थांबलं नाही, ए आणि डी च्या वेगवेगळ्या क्रोमोसोमवरच्या रांगांमध्येही झालं. जोनाथन वेंडेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये पाच ५२ वाल्या जाती तपासल्या. हिर्सुटम, बार्बाडेन्स, डार्विनी आणि हवाईची टोमेंटोसम या चौघींमध्ये आयटीएस डी सारखा निघाला, आणि ब्राझीलच्या मस्टेलिनममध्ये उलटा, ए सारखा! म्हणजे डी मध्ये काही खास ताकद आहे असं नाही, सुरुवात एकाच संकरापासून झाली आणि वेगळ्या फांद्यांवर वेगळा प्रकार जिंकला.

मग ए क्रोमोसोमवरच्या रांगा गेल्या का? नाही ना! हिर्सुटमची फिश (चमकणाऱ्या प्रोबने क्रोमोसोमवर जीनची जागा दाखवणारी पद्धत) केलेली स्लाइड बघा, डॅपी या रंगाने निळे झालेले बारीक बारीक क्रोमोसोम आणि त्यांच्या टोकांकडे रायबोसोमल प्रोबचे (त्या जीन्सना चिकटणाऱ्या डीएनए तुकड्याचे) चमकणारे ठिपके, आणि मोठे ठिपके ए आणि डी दोन्ही बाजूंच्या क्रोमोसोमवर असतात. १८एस आणि २६एस वनस्पतींमध्ये इतके टिकून राहिलेत की १९७९ साली गव्हातून क्लोन केलेला पीटीए७१ हा प्रोब कांद्यापासून कापसापर्यंत सगळीकडे चालतो, त्यामुळे ठिपका तुम्हाला जागा सांगतो, आतला मजकूर कुणाचा ते सांगत नाही. जमीन ए ची, सातबाऱ्यावर नाव डी चं, असा प्रकार आहे.

इथे बरेच जण न्यूक्लिओलर डॉमिनन्सचं (एका पालकाची रायबोसोमल जीन्स बंद पडण्याचं) उत्तर देतात, ते इथे लागू नाही. संकरात एका पालकाची रायबोसोमल जीन्स गप्प बसतात हे शास्त्रज्ञ नवाशिनने १९३४ मध्ये क्रेपिस या रानफुलाच्या संकरांवरून दाखवलं, आणि गहू-रायच्या (राय हे गव्हासारखं धान्य, राई नव्हे) संकरात रायची गप्प होतात. पण गप्प जीन डीएनएमध्ये असतंच, तुम्ही पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवणं) जिनोमिक डीएनएवर केलाय, त्याला जीन चालू की बंद याने फारसा फरक पडत नाही. सिल्व्हर नायट्रेटने रंगवलेली स्लाइड आणि फिशची स्लाइड शेजारी ठेवली की हा फरक डोळ्यांनी दिसतो, चांदी फक्त आधीच्या इंटरफेजमध्ये चालू असलेल्या जागा काळ्या करते, फिश सगळ्या दाखवतं. ट्रॅगोपोगॉन या रानफुलामध्ये तर आणखी मजा आहे, अमेरिकेत गेल्या शतकात तयार झालेल्या नव्या संकर जातींमध्ये ड्युबियस या पालकाच्या कॉप्या बऱ्याच झाडांत कमी झाल्यात, तरी चालतात मुख्यतः त्याच. म्हणजे संख्या आणि काम या दोन गोष्टी वेगळ्या धरा.

आणि सगळीच रायबोसोमल जीन्स अशी वागत नाहीत. ५एस (आणखी एक रायबोसोमल जीन) ची रांग बहुतेक फुलझाडांत वेगळ्या जागी असते, कापसात सेंट्रोमियरजवळ (क्रोमोसोमच्या आवळलेल्या जागेजवळ), आणि तिथे ए ची ए राहिली, डी ची डी राहिली, मिसळणं झालंच नाही. टोकाकडच्या रांगा एकमेकींना सहज भेटतात आणि सेंट्रोमियरजवळच्या नाही, असं यामागचं कारण मानलं जातं आणि मला ते पटतं.

तुमच्या कामासाठी सांगायचं तर फक्त आयटीएसवर संकर जातीची वंशावळ कधीच लिहू नका. सोबत क्लोरोप्लास्टचं (पानातल्या हिरव्या कणाचं, जे आईकडूनच येतं) एखादं जीन घ्या, तिथे हिर्सुटम आर्बोरियमच्या बाजूला जाईल, कारण आई जुन्या जगातली ए वाली होती, आणि दोन ट्री असे भांडले की संकर आहे हे गाईडलाही लगेच पटतं. त्याबरोबर एक-दोन लो कॉपी न्यूक्लियर जीन्स (केंद्रकातली, एक-दोनच कॉप्या असलेली) क्लोन करून घ्या, त्यात ए आणि डी दोन्ही कॉप्या वेगळ्या दिसतील. तुलनेला अकोल्याच्या एकेए-७ सारख्या देशी वाणाचं बी मिळालं तर उत्तमच, आणि मस्टेलिनमचा आयटीएस डेटाबेसमधून उतरवून त्याच ट्रीमध्ये टाका, हिर्सुटमची सख्खी नातेवाईक असूनही ती तुमच्या देशी कपाशीशेजारी जाऊन बसेल.