सेवानिवृत्तांचं टेबल

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

विद्यापीठात तुला सेवानिवृत्तांचं टेबल दिलं म्हणून तू खट्टू आहेस, असं कानावर आलं. परीक्षा विभागासारखी धावपळ इथे नाही, हे खरं. पण म्हणून हे काम हलकं समजू नकोस. इथे येणारा माणूस एक कागद पुढे करतो आणि मग तासभर बसतो. बसू दे त्याला. कागदाचं काम बऱ्याचदा निमित्तच असतं.

शासन निर्णय निघतात, पण सगळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. आपल्या नाशिकच्या लोकांना लाभ कळतात ते एकमेकांच्या तोंडून: कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, सार्वजनिक वाचनालयात, नाहीतर मे महिन्यात गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेला. जो घराबाहेर पडतो त्याला कळतं. जो पडत नाही, त्याचाच हक्क बुडतो. तेव्हा समोर आलेल्यांची कामं तर करच, पण न येणारे कोण, याची एक वही ठेव.

त्या वहीत बहुतेक चतुर्थ श्रेणीतली माणसं निघतील. निवृत्तांचं मंडळ म्हटलं की आपल्याकडे प्राध्यापकांचा कट्टा होतो. शाल-श्रीफळ सरांना, भाषण सरांचं, आभारही दुसऱ्या सरांचे. शिपाई, ड्रायव्हर, बायंडर मागच्या खुर्च्यांवर बसतात आणि पुढच्या वर्षी फिरकत नाहीत. सरांबद्दल मला आदर आहे. पण ज्यांचा मुलगा अमेरिकेतून फॉर्म भरून देतो, त्यांना तुझी गरज थोडी कमी आहे.

आता नोव्हेंबरचं बघ. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत यादीवर सही करायला रांग लागते. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी जीवन प्रमाण, म्हणजे अंगठ्याच्या ठशावर निघणारा डिजिटल हयातीचा दाखला आहे, २०१४ पासून. पण आयुष्यभर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधलेल्या माणसाचा अंगठा मशिनला दिसतच नाही. तो पुसून पुसून पुन्हा ठेवतो, कपाळाला लावून बघतो, शेवटी ओशाळून म्हणतो, ‘राहू द्या साहेब.’ अशा वेळी मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढता येतो. आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन ॲप फोनमध्ये घेऊन ठेव आणि त्याच्या घरी जा. चेहरा उजेडाकडे हवा, डोळ्यांची उघडझाप करावी लागते. तेवढं त्याला आधी समजावून सांग. दाखला स्वीकारला गेला का, हेही नंतर बघ, नाहीतर डिसेंबरात पेन्शन अडकतं.

सगळ्यात अवघड काम बायकांचं. नवरा गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन साधारणपणे शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के बसतं, पण ते सुरू व्हायला कागद लागतात. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, कुठल्या ट्रंकेत आहे, हे बाईला ठाऊक नसतं. सेवापुस्तकात ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’, बँकेत आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. हे सगळं दोघंही हयात असताना जुळवून घ्यायला लाव. पेन्शनचं खातं दोघांच्या नावावर करायला सांग. विषय अशुभ वाटतो म्हणून लोक टाळतात. तू चहा घेता घेता काढ, पण काढ.

अंशराशीकरणाचंही, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेण्याचंही, लक्षात ठेव. ज्यांनी ४० टक्क्यांपर्यंत पेन्शन विकलं, त्यांना ते १५ वर्षांनी पूर्ववत मिळायला हवं. ते मिळालं का, हे पासबुक उघडून तपासायला लाव. सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून दे. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. फक्त रुग्णालय योजनेत आहे का, हे भरती व्हायच्या आधी विचारायचं. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे नोकरीला लागलेल्यांचं गणित निराळं आहे, त्यावर भेटीत बोलू.

सहलीलाही नाक मुरडू नकोस. ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत, ६५ च्या पुढे अर्धं तिकीट, बायकांनाही अर्धं. वणीच्या गडावर मंडळी जाऊन येतात ती फारशा खर्चाशिवाय, आणि परतीच्या गाडीत कुणाची फाईल कुठे अडली आहे, ते सगळं कळतं. कार्यालयात इतकं मोकळं कुणी बोलत नाही. मेळावा मात्र पंचवटीत ठेवू नकोस. सिंहस्थाच्या कामांनी आधीच रस्ते खणून ठेवलेत. काठी घेऊन चालणाऱ्याने तिथे यायचं कसं? शिवाय जेवण एकाच पंक्तीत असू दे, मान्यवरांची टेबलं वेगळी नकोत.

रविवारी सकाळी घरी ये. वही आण. म्हसरूळ आणि मखमलाबादकडची नावं आधी घेऊ, तिकडे माझ्या ओळखीचे बरेच आहेत.

तुझी,
जुन्या परीक्षा विभागातली मावशी