एम कवचात 18 इलेक्ट्रॉन मावतात, मग पोटॅशियमचा 19वा इलेक्ट्रॉन एन कवचात का जातो?

एम म्हणजे तिसऱ्या कवचाची धारकता 18 आहे, तर पोटॅशियमचं संरूपण (कवचांतली इलेक्ट्रॉनांची मांडणी) 2, 8, 9 का नाही, 2, 8, 8, 1 का, असं तुम्ही विचारलं आहे. धारकतेचा तुमचा हिशेब चुकलेला नाही. मात्र किती मावतात आणि कोणत्या क्रमाने भरतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शाळेत असताना मीही 2, 8, 9 लिहून गुण घालवले होते. ‘सर्वांत बाहेरच्या कवचात आठच बसतात’ एवढंच कारण तेव्हा ऐकायला मिळालं. ते मला आजही कारण वाटत नाही. जे घडतं, त्यालाच नियम म्हटलं आहे इतकंच.

आधी 18 आले कुठून ते बघा. तिसऱ्या कवचात एस, पी आणि डी अशी तीन उपकवचं असतात. कक्षक म्हणजे इलेक्ट्रॉन जिथे सापडण्याची शक्यता जास्त असते ती जागा. एसमध्ये 1 कक्षक, पीमध्ये 3, डीमध्ये 5. पाउलीच्या अपवर्जन तत्त्वानुसार (1925) एका कक्षकात जास्तीत जास्त दोनच इलेक्ट्रॉन राहू शकतात, तेही विरुद्ध फिरकीचे (स्पिनचे). म्हणून 2 + 6 + 10 = 18. चौथ्या, म्हणजे एन कवचात एफ उपकवचाचे 7 कक्षक वाढतात, म्हणजे आणखी 14 आणि एकूण 32. गंमत अशी, की 1, 3, 5, 7 या विषम संख्या ओळीने मिळवत गेलं की 1, 4, 9, 16 हे वर्गच मिळतात. त्यांची दुप्पट म्हणजे 2, 8, 18, 32. 2n² (n म्हणजे कवचाचा क्रमांक) हे सूत्र पाठ करायची गरजच उरत नाही.

आता आर्गॉनपाशी या. 3एस आणि 3पी (म्हणजे तिसऱ्या कवचाची एस आणि पी उपकवचं) भरली, एममध्ये आठ झाले. उरलेल्या दहाही जागा 3डीच्या आहेत. पोटॅशियमच्या 19व्या इलेक्ट्रॉनपुढे 3डी आणि 4एस असे दोन पर्याय असतात. 4एसमधला इलेक्ट्रॉन बराचसा बाहेर असला, तरी अगदी केंद्रकाजवळ सापडण्याची थोडी शक्यता त्याला असते. तिथे आतल्या 18 इलेक्ट्रॉनांचा आडोसा कमी पडतो आणि केंद्रकाची ओढ जोरात लागते. डी कक्षकाला केंद्रकाजवळ जवळपास थाराच नाही. त्यामुळे इथे 4एसची ऊर्जा 3डीपेक्षा कमी भरते आणि इलेक्ट्रॉन तिथे जातो. कॅल्शियमचं तसंच, 2, 8, 8, 2.

स्कँडियमपासून 3डी भरू लागतं आणि जस्तापर्यंत आलं की संरूपण 2, 8, 18, 2 होतं. म्हणजे एममध्ये 18 भरतातच, पण एनमध्ये दोन जाऊन बसल्यावर. मधल्या क्रोमिअम आणि तांब्यात 4एसमध्ये एकच इलेक्ट्रॉन असतो, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं.

आठच्या नियमाचा उलगडाही इथेच होतो. बाहेरच्या कवचात नववा यायचा तर तो डीमध्येच जाणार. पण त्याआधी पुढच्या कवचाचं एस भरायला लागतं, आणि मग आपलं कवच सर्वांत बाहेरचं राहतच नाही!

एका जागी मात्र बरेच जण फसतात. लोहाचा दोन धनप्रभारांचा आयन होताना इलेक्ट्रॉन 3डीतून जातात असं वाटतं, कारण ते शेवटी भरलं. प्रत्यक्षात 4एसमधले दोन्ही जातात. केंद्रकाचा प्रभार वाढत जातो तसं 3डी खाली सरकतं, आणि लोहापर्यंत ते 4एसपेक्षा घट्ट बांधलेलं असतं.

आणि 2n² या सूत्राने पाचव्या कवचात 50 मावतात, पण तेवढे कुठल्याच मूलद्रव्यात नाहीत. 118व्या ओगॅनेसनचं अपेक्षित संरूपणसुद्धा 2, 8, 18, 32, 32, 18, 8 असंच आहे. 5जी या, एफनंतरच्या उपकवचाच्या अठरा जागा तिथेही रिकाम्याच.