मीटिंगमध्ये गप्प बसले, आता काय करू?

प्रश्न: ताई, मी बोरिवलीला राहते. मागच्या महिन्यात आमच्या पार्किंगमधून एका मेंबरची नवी सायकल चोरीला गेली. कॅमेरा नेहमीप्रमाणे बंद. आळ आला रात्रपाळीच्या वॉचमनवर, तो म्हणे दहा ते साडेदहा गेटवर नव्हता. नव्हताच, कारण तेव्हा तो माझ्याकडे चौथ्या मजल्यावर होता, लिफ्ट बंद होती आणि मीच त्याला सिलिंडर वर चढवायला बोलावलं होतं. मीटिंगमध्ये मी हे बोलले नाही. सेक्रेटरींशी पाण्यावरून आधीच वाजलंय, त्यात ड्युटीवरच्या माणसाला घरच्या कामाला लावलं म्हणून सगळं माझ्यावरच शेकलं असतं. दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. मी कन्फेशनला जाऊन आले, फादरनी पापक्षमा दिली, तरी गेटवर नवा माणूस दिसला की पोटात कालवतं. देवाने माफ केलं तर मग हे काय आहे?

उत्तर: देवाने माफ केलं, पण वॉचमनची नोकरी परत आली का? नाही ना, मग पोटात कालवतंय ते बरोबरच आहे, त्याला औषध शोधू नका. आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे की कन्फेशनच्या खिडकीतून उठलं की खातं बंद. कॅथलिक चर्चच्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकात, 2487 नंबरचा परिच्छेद आहे, तो नेमका तुमच्यासाठी लिहिल्यासारखा आहे. सत्याच्या आणि न्यायाच्या विरुद्ध काही केलं तर त्याची भरपाई करावीच लागते, करणाऱ्याला क्षमा मिळालेली असली तरी, आणि उघडपणे करता येत नसेल तर गुपचूप का होईना पण करा, असं त्यात आहे. आणि हा परिच्छेद पैशांच्या चोरीबद्दल नाही बरं का, सत्याविरुद्धच्या पापांच्या भागात तो येतो आणि दुसऱ्याचं नाव खराब होण्यालाही लागू आहे. बायबलमधला जकातदार जक्कय आठवा. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला, सगळं गोडीत चाललेलं, आणि हा उभा राहून म्हणतो, ज्याला लुबाडलंय त्याला चौपट परत देतो. हिशोबाला बसला एकदम!

तुम्ही एकट्या नाही हेही सांगते. मी शाळेत शिकवत असताना एका शिपायाच्या पगारातून फुटलेल्या काचेचे पैसे कापले होते. काच कोणी फोडली ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं, मुलगा ट्रस्टींच्या नात्यातला. केबिनमध्ये जाऊन तोंड उघडायला मला अकरा दिवस लागले, आणि त्या अकरा दिवसांत तो शिपाई रोज मला चहा आणून देत होता, कपाची दांडी माझ्याकडे वळवून ठेवायचा. तो चहा कसा घशाखाली उतरला असेल तुम्हीच बघा. बोलले तेव्हा झालं काय तर पैसे परत मिळाले, आणि मला पुढची दोन वर्षं सगळ्यात दंगेखोर वर्ग मिळाला. बस, एवढंच.

येशूचा शिष्य पेत्र, त्याने येशूला ओळखतच नाही म्हटलं, ही गोष्ट आपण ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात दर वर्षी ऐकतो पण त्यातलं एक निसटतं. तो कुठल्या राजासमोर किंवा रोमन सुभेदार पिलातासमोर नाही घाबरला. महायाजकाच्या वाड्यात, थंडीत शेकोटीजवळ बसलेला असताना, एका दासीने नुसतं विचारलं की तूही त्याच्याबरोबरचाच ना. गेटमनच्या लेव्हलचा प्रश्न! आपली पण गंमत तीच आहे, सिंहाच्या तोंडी जायची वेळ आपल्यावर येतच नाही, येते ती सोसायटीच्या मीटिंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेलं असताना, समोर वेफर्सची प्लेट.

आता करायचं काय. आधी त्या माणसाला शोधा. एजन्सीला फोन करा, नाही सांगितलं तर इस्त्रीवाल्याला विचारा, त्याला सगळं माहीत असतं. भेटलात की रडू नका प्लीज, तुम्हाला हलकं वाटावं म्हणून ही भेट नाहीये. काय झालं ते सांगा आणि त्याला काय हवंय ते विचारा. कदाचित त्याला ही नोकरी नकोच असेल, दुसरीकडे लागायला चोर नसल्याचं पत्र हवं असेल, बुडालेले पगाराचे दिवस हवे असतील, ते तुमच्या पर्समधून द्यायची तयारी ठेवा. मग सेक्रेटरींना लेखी पत्र द्या, तारीख घालून, दहा ते साडेदहा तो माझ्याकडे होता आणि मीच बोलावलं होतं असं सरळ, आणि पुढच्या मीटिंगमध्ये ते वाचून मिनिट्समध्ये घ्यायला सांगा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची घाई नको, तिथे पाच मिनिटांत विषय सायकलवरून पाण्यावर जाईल आणि तुमचं भांडण पुढे, वॉचमन मागे. 390 साली ग्रीसमधल्या थेस्सलनीकात रोमन सम्राट थिओडोसियसच्या हुकुमाने हजारो माणसं मारली गेली तेव्हा मिलानचे बिशप संत अंब्रोज यांनी आधी काय केलं माहितीये, सम्राटाला पत्र लिहिलं. खाजगी. पण त्यात गुळमुळीत काही नव्हतं, प्रायश्चित्त केल्याशिवाय मी तुझ्यासमोर मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करणार नाही असं स्वच्छ लिहिलं, आणि सम्राटाला शेवटी सगळ्यांदेखत प्रायश्चित्त घ्यावं लागलं. तुमचे सेक्रेटरी काही सम्राट नाहीत. तशी त्यांची समजूत असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न: मी मुलुंडचा, वय 26. प्रवचनात धैर्य म्हटलं की पंडिता रमाबाई, फादर दिब्रिटो अशी नावं येतात. मी स्वभावानेच भित्रा आहे. ट्रेनमध्ये कोणी दादागिरी केली तर डबा बदलतो. हे वाढवता येतं का?

उत्तर: डबा बदलणं नेहमीच भित्रेपणा नसतो रे, कधीकधी ती अक्कल असते. दारात लटकून हाणामारी करणाऱ्याला आपण डेरिंगबाज म्हणतो पण मध्ययुगातला धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस याच्या मते धैर्याचं मुख्य काम हल्ला करणं हे नाहीच, संकटात पाय रोवून टिकून राहणं हे आहे. आणि धैर्याचा नंबर त्याने न्यायाच्या खाली लावलाय, कारण भीतीपोटी न्याय सुटू नये म्हणून तर धैर्य लागतं. नाहीतर धैर्य गुंडाकडेही असतं.

रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन ही शाळा काढली तेव्हा सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच मुली होत्या, आणि पुढे टीका इतकी झाली की पालकांनी मुली काढून नेल्या, तरी बाई काम करत राहिल्या. फादर दिब्रिटो 25 जुलै 2024 ला गेले, त्यांचं वसईच्या जमिनीचं, पाण्याचं काम एका मोर्चाचं नव्हतं, हरित वसईसाठी वर्षानुवर्षं तेच तेच बोलत राहायचं, धमक्या आल्या तरी. म्हणजे बघ, यात मोठी उडी अशी कुठे दिसते का? सवयच दिसते. विरार लोकलमध्ये गर्दीत चढायला तुला कोणी पुस्तकातून शिकवलं नसेल, रोज चढून चढून आलं. तसं या आठवड्यात एकच कर, ऑफिसमध्ये दुसऱ्याच्या कामाचं क्रेडिट तुला दिलं तर तिथल्या तिथे म्हण की हे तिने केलंय. आवाज कापला तर कापू दे.

प्रश्न: आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंना मी दर नाताळला साडी, केक, करंज्या सगळं देते. मिस्टर म्हणतात, तू सुट्टीचे पैसे कापतेस ते आधी थांबव. तुम्हीच सांगा! (वांद्रे)

उत्तर: मिस्टर बरोबर आहेत, सॉरी. साडी ही भेट आणि पगार हे देणं, भेटीने देणं फिटत नाही. लेवीय 19:13 मध्ये मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंतसुद्धा आपल्यापाशी ठेवू नकोस असं आहे, तुम्ही तर महिन्याच्या महिन्याला कापताय. आजारी पडलात, मुलाची शाळा निघाली, तर तुम्हाला ऑफिसमधून रजा मिळते ना पगारी? तेवढ्या तिलाही ठरवून द्या, पहिल्यापासून सांगून. राज्यात 2008 च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ झालंय, तिची नोंदणी आहे का विचारा, नसेल तर कागदपत्रांसाठी एक दिवस भरपगारी सोडा. आणि बोनस नाताळातच का बरं? तिचा सण कुठला ते विचारलंय का कधी?