जुनी थार एक्सचेंजमध्ये देऊन स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर घ्यावी का?

कुटुंब वाढले असल्यास आणि लांबचे प्रवास नियमित होत असल्यास अवश्य घ्यावी. मात्र आपल्या प्रश्नात पार्किंगचा उल्लेख नाही, आणि माझ्या मते निर्णय तिथेच अडतो. जुनी थार सुमारे ३.९ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद आहे, तर स्कॉर्पिओ-एन जवळपास ४.६६ मीटर लांब आणि १.९ मीटरहून अधिक रुंद असल्याने, सोसायटीच्या दोन खांबांमध्ये ती उभी केल्यावर दार पुरेसे उघडते का, हे टेप लावून आधी मोजावे. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी रचना, केवळ डिझेलच्या निवडक व्हेरिएंटमध्येच मिळते, हेही बुकिंगपूर्वी पाहावे.

शोरूमने 'एक्सचेंज बोनस' आणि जुन्या गाडीची किंमत एकत्र सांगितल्यास दोन्ही आकडे वेगळे लिहून मागावेत, कारण बोनस मोठा दाखवून मूळ किंमत पाडली जाण्याची शक्यता असते. मूल्यांकनाच्या वेळी मोकळ्या, मातीच्या जागेत फोर-लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर, टाकून दाखवावा. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) विनाआवाज चालत असेल, तर घासाघीस करताना आपली बाजू भक्कम राहते.

'नो क्लेम बोनस', म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिणारी सूट, हा गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे तो नव्या विम्यात वळवून घ्यावा. मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ व ३० कोरे ठेवून सह्या करू नयेत आणि आरसी दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते.