ब्रेनचा एमआरआय नॉर्मल आलाय, मग परत एमआरआय कशाला?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी सोलापूरची, अशोक चौकाजवळ राहते, वय ३१, मुलगी ५ वर्षांची आहे. गेले ७ महिने पाळी नीट नाही, दोन-दोन महिने येतच नाही आणि छातीतून दुधासारखं येतं. प्रेग्नन्सी टेस्ट दोनदा निगेटिव्ह, थायरॉईड नॉर्मल, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) वाढून ९६ आलं. डोकं दुखतं म्हणून मागच्याच महिन्यात ब्रेनचा एमआरआय केलेला, तो नॉर्मल. आता डॉक्टर म्हणतात पिट्युटरीचा एमआरआय करा, इंजेक्शन देऊन. मिस्टर चादरीच्या कारखान्यात डाईंगला आहेत, एकदा एवढे पैसे गेले, परत तेच कशाला? सासूबाई म्हणतात उगाच लुटतात. ॲसिडिटीची गोळी सोडली तर मी कुठलंच औषध घेत नाही.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीवर मी थांबले. ती ॲसिडिटीची गोळी कोणती, पाकीट उलटं करून बघा. आपल्याकडे मेडिकलमध्ये सर्रास मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांमध्ये पँटोप्राझोलसोबत डॉमपेरिडोन असतं, काहींत लेव्होसल्पिराइड असतं आणि ही दोन्ही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात, पाळी चुकते, दूधही येतं, अगदी तुम्ही लिहिलंय तसंच. मी गेली कित्येक वर्षं एमआरआय वाचते, त्यात अशा बायका बघितल्यात ज्यांचं स्कॅन फक्त या गोळीमुळे झालं आणि आत काहीच नव्हतं, फार वाईट वाटतं मला. तर आधी डॉक्टरांना पाकीट दाखवा, त्यांनी हो म्हटलं तर गोळी ३-४ दिवस बंद ठेवून प्रोलॅक्टिन परत करा, सकाळी उठल्यावर लगेच नको, दोन तासांनी, आणि सुई टोचायच्या आधी जरा निवांत बसा, कारण झोपेत आणि टेन्शनमध्ये ते तसंही वाढतं. (मानसिक आजाराच्या गोळ्या मात्र कुणीही मनाने बंद करू नका, त्यांनीही प्रोलॅक्टिन वाढतं पण तो निर्णय त्याच डॉक्टरांचा.)

आणि तरीही जास्तच आलं, तर मग पिट्युटरीचा एमआरआय करा, मागेपुढे बघू नका. हे "परत तेच" नाहीये. पिट्युटरी म्हणजे नाकाच्या मागे, मेंदूच्या तळाशी हाडाच्या खळग्यात बसलेली वाटाण्याएवढी ग्रंथी, प्रोलॅक्टिन हिच्यातूनच येतं. तिच्यातली गाठ कधीकधी ३-४ मिलिमीटरची, म्हणजे आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या दाण्याएवढी. साध्या ब्रेनच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या चकत्या साधारण ५ मिलिमीटर जाड घेतात, दाणा चकतीपेक्षा लहान, मग त्याचा रंग आजूबाजूच्या रंगात मिसळून जातो आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. तो रिपोर्ट खोटा नसतो, त्यात ही ग्रंथी नीट बघितलेलीच नसते. पिट्युटरीच्या एमआरआयमध्ये फक्त तेवढ्याच जागेच्या २-३ मिलिमीटरच्या बारीक चकत्या घेतात.

इंजेक्शन का, ते तुमच्या मिस्टरांना लगेच कळेल. रंगाच्या टाकीत दोन जातीचं सूत बुडवलं तर एक पटकन रंग धरतं, दुसरं मागे राहतं, पण बराच वेळ ठेवलं तर दोन्ही सारखीच दिसायला लागतात. इथेही तसंच. गॅडोलिनियमचं औषध शिरेतून सोडलं की चांगली ग्रंथी काही सेकंदांत उजळते, गाठ मागे पडते, त्यामुळे पहिल्या एक-दोन मिनिटांत ती काळपट ठिपक्यासारखी दिसते, नंतर फरक पुसट होतो. म्हणून इंजेक्शन देता देताच भराभर फोटो घेतात, त्याला डायनॅमिक म्हणतात. चिठ्ठीवर "पिट्युटरी डायनॅमिक कॉन्ट्रास्ट" असं लिहून घ्या आणि प्रोलॅक्टिनचा रिपोर्ट सोबत न्या, काय शोधायचंय हे माहीत असलं की आमची नजर वेगळी चालते. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून घ्या आणि पाळी चुकलेली असल्याने त्या दिवशी प्रेग्नन्सी टेस्ट पुन्हा करा.

गाठ निघालीच तर घाबरू नका, हा कॅन्सर जवळपास कधीच नसतो. प्रोलॅक्टिनच्या छोट्या गाठीला बहुतेक वेळा ऑपरेशन लागतच नाही, कॅबरगोलिन नावाची गोळी आठवड्यातून एकदा-दोनदा, तेवढ्यावर पाळी परत येते.

प्रश्न : वय ५८, जुळे सोलापूर. चक्कर येते म्हणून एमआरआय केला, त्यात पिट्युटरीत ४ मिलिमीटरची गाठ निघाली. मुलगा पुण्यात ऑपरेशनला न्यायचं म्हणतोय.

उत्तर : काका, मुलाला थांबवा. असा ठिपका साधारण दहातल्या एकाच्या पिट्युटरीत सापडतो आणि बहुतेकांना आयुष्यभर त्रास देत नाही. १० मिलिमीटरच्या आतली गाठ सहसा डोळ्याच्या नसेपर्यंत पोचत नाही, तुमची चक्करही तिच्यामुळे असेल असं मला वाटत नाही, कानाच्या डॉक्टरांना दाखवा. पण हार्मोन्स मात्र तपासून घ्या : प्रोलॅक्टिन, आयजीएफ-१ (यावरून वाढीचं हार्मोन जास्त आहे का ते कळतं) आणि कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन). अंगठी घट्ट व्हायला लागलीय का, चपलेचा नंबर वाढलाय का, बीपी-शुगर अचानक सुरू झाली का, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. सगळं ठीक असेल तर वर्षाने परत एक पिट्युटरीचा एमआरआय, आणि त्या वेळी आताची सीडी बरोबर न्या, नुसता कागदी रिपोर्ट नको, जुन्या फोटोशेजारी नवा ठेवला की वाढलंय का ते नक्की कळतं.